इंजिनाचा नंबर

जुन्या जीपमध्ये नवं इंजिन बसवलं तर ती तीच जीप राहते का, हा प्रश्न आमच्या पारावर दोन पावसाळे चालला होता. उसाचा दर आणि निवडणूक सोडली तर एवढा टिकलेला दुसरा विषय मला आठवत नाही. बोलणाऱ्यांत तालमीतली पोरं होती, निवृत्त गुरुजी होते, आणि ज्यांनी जन्मात स्टेअरिंगला हात लावला नाही असेही होते. आवाज त्यांचाच मोठा.

जीप आमची. महिंद्राची सीजे थ्री बी, पेट्रोलवरची, 2199 सीसीची. आबांनी 1974 साली राधानगरीकडच्या एका ठेकेदाराकडून जुनीच घेतली. कागदावर आबांची, पण ती एकट्या आमच्या घरची होती असं म्हणवत नाही. बेण्याचा ऊस, खताची पोती, लग्नातलं करवल्यांचं ओझं, सगळं तिनं वाहिलं. रात्री-अपरात्री कुणी बाळंतीण अडली की दारावर थाप पडायची आणि आबा उशाखालची किल्ली घेऊन उठायचे. आमच्या गावातली निदान दहा-बारा माणसं अशी आहेत, ज्यांचा जन्म सीपीआर दवाखान्यात झाला आणि जन्माआधीचा शेवटचा प्रवास या जीपमधून झाला. त्यातला एक आता ग्रामपंचायतीत मेंबर आहे आणि माझ्याच पाणीपट्टीवर वाद घालतो.

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा आली. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटाला धोक्याची पातळी धरतात; त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. माणसं आणि जनावरं बाहेर काढली, जीप राहिली. पाणी ओसरलं तेव्हा बॉनेटवर चार बोटं गाळ होता. सिलिंडरमध्ये पाणी जाऊन पिस्टन जाग्यावर धरले होते. उद्यमनगरातले आमचे मेस्त्री आले. पंच्याहत्तरी गाठलेला माणूस, आबांच्या वेळेपासूनचा. त्यांनी हेड उतरवलं, आत बोट फिरवलं, आणि म्हणाले, "बोअर शेवटच्या साइजला हाय. क्रँकबी शेवटच्या साइजला. करायचं म्हटलं तर स्लीव्ह टाकून करू, पर ह्यो म्हातारा आता किती पळंल ते मी सांगत न्हाई."

माझा थोरला शिरोलीच्या एमआयडीसीत सीएनसीवर आहे. त्यानं सुचवलं, अपघातात मोडलेल्या एका जिप्सीचं 1300 सीसीचं एमपीएफआय इंजिन मिळतंय, तेच बसवू. हे ऐकून माझी चुलती पदर डोळ्याला लावून म्हणाली, "आबांचं काळीज काढून टाकताय व्हय रं?"

इथून पारावरचा वाद सुरू झाला.

तालमीतल्या पोरांचं म्हणणं, जीप आहे तशी जपा. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी जशी दसरा चौकात येते, तशी ही वर्षातनं एकदा धुऊन-पुसून काढायची. मला ते पटलं नाही. मेबॅक ही राजाची गाडी, तिनं वर्षातनं एक दिवस दिसलं तरी तिचं काम झालं. आमची जीप राबणारी. राबणाऱ्याला आदर म्हणून खुर्चीत बसवून ठेवलं की ते मरतं, हे मी माणसांतही बघितलंय.

चुलतीला उत्तर मेस्त्रींनी दिलं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी बोटं मोजली. पिस्टन चार वेळा बदलले. कार्बोरेटर 1982 च्या सुमाराला बदलला. हेड पुण्याच्या जुन्या बाजारातनं आणलेलं. क्रँक दुसऱ्याच जीपचा. डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला. "वहिनी, आबांनी घेतलं तवाचं ह्यात काय ऱ्हायलंय म्हणाल, तर नुसता ब्लॉक. काळीज कवाच बदललंय. थोडं थोडं बदललं म्हणून तुमास्नी कळलं न्हाई."

म्हणजे सावकाश बदललं तर चालतं आणि एकदम बदललं तर पाप, असं आपण धरून चाललेलो असतो. का, ते मला सांगता येत नाही. विहिरीवर आधी मोट होती, मग ऑइल इंजिन आलं, मग विजेची मोटर. विहीर कुणी नवी म्हटली नाही. रानात को 86032 आला तेव्हा रान दुसरं झालं नाही.

शिवाय थोरल्यानं एक गोष्ट शोधून काढली, ती ऐकून पार गप्प झाला. आमच्या जीपचं बॉनेट बुजगावण्याच्या डोक्यासारखं उंच का, तर अमेरिकेतल्या विलिज कंपनीनं 1953 मध्ये जुन्या ठेवणीच्या जीपमध्ये नवं, उंच इंजिन बसवलं. त्याचा इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्टचा खाली ब्लॉकमध्ये. ते इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेट वर उचललं. तीच थ्री बी. ज्या रूपाला आम्ही 'अस्सल' म्हणून कवटाळून बसलो होतो, ते रूपच मुळात इंजिन बदलल्यामुळं आलेलं!

गुरुजी औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले. त्यांनी मिलिंद राजाची गोष्ट सांगितली. यवनांचा हा राजा नागसेन भिक्खूंकडे वाद घालायला आला. नागसेनांनी विचारलं, "महाराज, चालत आलात की रथातनं?" राजा म्हणाला, रथातनं. मग रथ म्हणजे चाक का? नाही. आस का? नाही. दांडी का? तेही नाही. मग रथ कुठाय? शेवटी राजालाच म्हणावं लागलं, की या सगळ्यांच्या आधारानं 'रथ' हे एक नाव पडलंय, व्यवहारापुरतं.

पारावरच्या बहुतेकांनी यातनं एवढंच घेतलं, की रथ नाहीच तर करा काय करायचं ते. मला मात्र 'व्यवहारापुरतं' हा शब्द खटकत राहिला. पुरतं? माझं सगळं आयुष्य व्यवहारात गेलंय. बैल विकताना दात दाखवायचा, दूध घालताना फॅट बघू द्यायची, बांध कुठला ते चारचौघांत सांगायचं. नाव जर चाकात नसेल, आसात नसेल आणि फक्त माणसामाणसांच्या व्यवहारात असेल, तर ते खोटं करणं हे चाक मोडण्यापेक्षा मोठं नुकसान झालं की नाही? चाक नवं मिळतं.

हे असं बसून सुचलेलं नाही. त्याला कारण घडलं.

इंजिन बदलायचं तर कागदाचं काय, हा प्रश्न मी आधीच काढला होता. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: कंपनीनं मुळात ठरवून दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी गाडी करायची नाही. गॅस किंवा बॅटरीच्या किटला त्यात वाट आहे, दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाला नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही मूळ ठेवणीत बदल चालणार नाही असं सांगितलं. थोरल्याच्या ओळखीचा एक गॅरेजवाला म्हणाला, "त्याची काळजी सोडा. नव्या इंजिनावरचा नंबर ग्राइंडरनं घासायचा आणि जुना नंबर पंचानं ठोकायचा. अर्ध्या तासाचं काम." आरसी बुकात जो नंबर, तोच इंजिनावर. कुणाला कळणार?

थोरला तयार होता. मी नाही म्हणालो. दोन दिवस घरात बोलणं बंद.

तिसऱ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "अण्णा, रोडवर अशा कितीतरी गाड्या पळत्यात. आपण कुणाचं काय चोरलंय?" मी म्हणालो, "काटा मारणारा तरी कुठं कुणाच्या घरात शिरून चोरतो?" आमच्या भागात उसाच्या वजनात काटा मारला अशी नुसती शंका आली तरी माणसं रस्त्यावर येतात. मीही गेलोय, घोषणा दिल्यात, घसा बसवून घेतलाय. काट्यावरचा आकडा आणि ब्लॉकवरचा नंबर यांत मला फरक दिसत नाही. दोन्ही लोखंडावरचे आकडे, आणि दोन्हीवर न बघता विश्वास ठेवायचा असतो. उद्या माझ्या पश्चात ही जीप कुणी विकत घेतली, तर तो माणूस त्या नंबराकडे बघून पैसे मोजणार.

ठरलं असं, की नवं इंजिन बसवायचं, नंबर त्याचाच त्याच्यावर ठेवायचा, आणि जीप मळ्यातल्या मळ्यात चालवायची. रस्ता बंद.

जोडणी आमच्या गोठ्यातच झाली. जुनं बिडाचं इंजिन काढायला लिंबाला चेनब्लॉक बांधावा लागला; नवं ॲल्युमिनियमचं, तिघांनी उचललं. वजन कमी झाल्यामुळं पुढचे पाटे दोन बोटं वर आले. जुन्या गिअरबॉक्सची भोकं नव्या इंजिनाला जुळेनात, म्हणून मेस्त्रींनी उद्यमनगरात मधली जाड प्लेट लेथवर करून आणली. डायल लावून ती सेंटरला आणायला त्यांना दीड दिवस लागला. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात दामल्यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेरा घरच्या घरी तयार केला, त्या गावाचा हा माणूस. प्लेट बसली तेव्हा तो नुसता "हं" म्हणाला.

पण वायरिंगला आल्यावर त्यांनी हात काढून घेतले. पूर्वी पेट्रोल हवेच्या ओढीनं जेटमधनं वर यायचं. कचरा अडकला की जेट काढायचा, तोंडानं फुंकायचा, पेट्रोलची चव जिभेवर घेऊन घरी जायचं. आता टाकीतला विजेचा पंप दाबानं पेट्रोल पाठवतो, प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर, आणि कधी किती सोडायचं ते एक डबी ठरवते. क्रँक कुठं आहे, पाय किती दाबलाय, हवा किती आली, सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन किती उरला, हे सगळं तिला वायरींतनं कळतं. ते काम थोरल्याच्या मित्रानं लॅपटॉप घेऊन केलं. मेस्त्री शेजारी बसून बघत होते. एकदा मला म्हणाले, "बिघडली तर मला बोलवू नगा हं." हसत म्हणाले, पण मला ते हसणं बरं वाटलं नाही. आबांचं काळीज गेलं म्हणून चुलती रडली होती. खरं गेलं ते हे. गावातल्या गावात, झाडाखाली, ओळखीच्या हातानं बरी होणारी वस्तू आता अनोळखी डबीच्या हवाली झाली. इंजिन बदलण्यात तोटा कुठला म्हणाल तर मी हा सांगेन. रूपाचा, जातीचा नाही.

फायदाही सांगितला पाहिजे. आषाढातल्या गारठ्यात अर्ध्या किल्लीत सुरू होते. चोक नाही, धक्का नाही, पेट्रोल कमी पिते. फक्त चिखलात पूर्वीसारखी रेटत नाही; जुन्याची ओढ 2000 फेऱ्यांच्या आसपास पुरी यायची, नव्याची 4500 च्या आसपास येते. म्हणून लो गिअरला घालून तिला जरा ओरडू द्यावं लागतं.

दुसऱ्या पावसाळ्यात एका रात्री दारावर थाप पडली. वरच्या आळीतल्या पोराला साप डसला होता. 108 ला फोन लावला, तर ओढ्याच्या फरशीवर पाणी आल्यामुळं ॲम्ब्युलन्स पलीकडंच थांबणार होती. मी किल्ली घेतली. फरशीवर गुडघ्याच्या खाली पाणी होतं. जीप लो गिअरला ओरडत पार झाली आणि पलीकडच्या रस्त्यावर ॲम्ब्युलन्सला पोराला दिलं. पोर वाचलं.

परत येताना थोरला म्हणाला, "रस्त्यावर काढलीच की. मग नंबर ठोकला असता तर काय बिघडलं असतं?"

प्रश्न बरोबर आहे. मी त्याला एवढंच म्हणालो, की कुणी अडवलं असतं तर बॉनेट उघडून खरं काय ते सांगितलं असतं आणि पावती फाडली असती. नियम मी मोडला, आणि तसा पोरगा समोर असेल तर परत मोडीन. पण उजेडात मोडीन. ठोकलेला नंबर असता तर मला पोराच्या जिवाआधी माझं खोटं सांभाळावं लागलं असतं. थोरल्याला हे पटलं असं मी म्हणणार नाही. तो मानेनं "हूं" म्हणाला. त्याच्या वयात मीही आबांना तसंच "हूं" म्हणायचो.

जुनं इंजिन गोठ्यात दोन ओंडक्यांवर आहे. भंगारवाला किलोवर दर सांगून गेला. शिरोलीच्या फाउंड्रीत वितळून त्याचं कुणाच्या तरी नव्या गाडीचं कास्टिंग होईल, हे थोरल्याचं म्हणणं खरं आहे आणि मला त्यात वावगंही वाटत नाही. पण चुलती आहे तोवर ते हलणार नाही. खंडेनवमीला तिनं दोन्ही इंजिनांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. नव्याच्या कसल्याशा सेन्सरच्या कनेक्टरवर कुंकू सांडलं म्हणून थोरला फडकं घेऊन कुरकुरत बसला होता, आणि मेस्त्री जुन्याच्या ब्लॉकवरचा नंबर नखानं खरवडून साफ करत होते.