गेलं तेवढंच

बसा. पाठ टेकवायची तर टेकवा, मांडी मोडली तरी हरकत नाही. समोर काचेची एक टाकी आहे असं मनात आणा. दोनशे लिटर खारं पाणी, तळाशी पांढरी वाळू, मधोमध खडक आणि खडकावर जिवंत प्रवाळ. परदेशात राहणाऱ्या कुणाच्या दिवाणखान्यात अशी टाकी खरोखरच असेल, तर खुर्ची तिच्यासमोर ओढा. भारतात असाल तर ती मनातलीच राहू द्या. खडक बांधणारे सगळे प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. पण मानसपूजेतली फुलं मनातली असली तरी ती एकेक करूनच वाहायची असतात. तसंच करू.

संध्याकाळ आहे. टाकीवरचे पांढरे दिवे मावळलेत, निळे राहिलेत. पंपाची घरघर कानावर येऊ द्या, थोड्या वेळाने ती ऐकू येईनाशी होईल. तोवर हात मांडीवर. आज या पाण्यात काहीही घालायचं नाही.

आधी पाण्याची पातळी पाहा. काल पाणी जिथवर होतं तिथे काचेवर मिठाची बारीक रेघ उमटली आहे आणि पाणी तिच्याखाली गेलं आहे. उघड्या टाकीतून दिवसाला एखादा टक्का पाणी सहज उडतं, म्हणजे इथे दोन लिटर. उडालं ते निव्वळ पाणी, मीठ सगळं मागेच राहिलं. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात. दोन लिटर उडाले की तेच क्षार कमी पाण्यात दाटीने राहू लागतात. नवखा माणूस इथे खाऱ्या पाण्याची बादली घेऊन धावतो, कारण टाकी खारी आहे. नीट विचारा स्वतःला: गेलं काय, राहिलं काय? गेलं ते गोडं पाणी, म्हणून गोडंच परत द्यायचं. तेही नळाचं नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, फॉस्फेट असू शकतो, आणि तांब्याचा अंश आला तर गोगलगायी आणि प्रवाळ दोघांनाही तो बाधतो. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणीही बऱ्याचदा कामाचं नसतं, त्यात चवीसाठी खनिजं पुन्हा मिसळलेली असतात.

आता नजर खडकावरच्या प्रवाळाच्या एका फांदीवर आणा. ही अ‍ॅक्रोपोरा. फांदीवर राईच्या दाण्यांसारखे फुगवटे दिसतात, त्या प्रत्येकात एक पॉलिप राहतो. एक तोंड, भोवती इवल्या स्पर्शिकांचं कडं, आत पोटाची पिशवी. संपला प्राणी. त्याच्या पेशींत मात्र लाखोंनी सूक्ष्म शेवाळ वस्तीला आहे. दिवसा ते उजेडावर साखर बनवतं आणि तिचा मोठा हिस्सा घरमालकाला देतं. फांदीचा तपकिरीपणा या भाडेकरूंचा, जांभळी-हिरवी झाक प्राण्याची स्वतःची. टोक बघा, जवळजवळ पांढरं आहे. घाबरू नका, तिथे वाढ इतकी ताजी आहे की शेवाळ अजून पुरतं पोचलेलं नाही.

त्या टोकाशीच थांबा. तिथे या क्षणी दगड तयार होतो आहे. पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट ओढून घेऊन प्राणी आपल्या कातडीखाली अरॅगोनाइटचे स्फटिक रचतो. पाणी स्वच्छ दिसतं, हललेलं काही दिसत नाही, आणि तरी त्यातून सतत काहीतरी वजा होतं आहे. मन इथे स्थिर करायचं: न दिसणाऱ्या वजाबाकीवर.

आकड्यांनी ती थोडी दिसेल. समजा कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅम आहे आणि अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः त्या बायकार्बोनेटचा साठा, ८ अंश (डीकेएच). प्रवाळांनी लिटरमागे वीस मिलिग्रॅम कॅल्शियम सांगाड्यात घातलं, तर त्याच हिशोबात अल्कलिनिटी २.८ ने उतरते. कॅल्शियम ४०० वर आलं, पाच टक्केसुद्धा घटलं नाही. अल्कलिनिटी मात्र ५.२ वर आली, म्हणजे तिजोरीचा तिसरा हिस्सा रिकामा. म्हणून टाकी पाळणारे कॅल्शियम आठवड्याने मोजतात आणि अल्कलिनिटी रोजच्या रोज. चाचणी म्हणजे तरी काय, नळीतल्या पाण्यात थेंब सोडत रंग पालटेपर्यंत मोजत राहणं. घाईने केली तर थेंब चुकतो आणि आकडा खोटा येतो. मला तर वाटतं, या छंदातला खरा जप हाच आहे.

मॅग्नेशियमचा विचार फारसा कुणी करत नाही. ते कॅल्शियमच्या तिप्पट असतं, १३०० च्या आसपास, आणि इथे त्याचं मोठं काम एकच: स्फटिकाच्या पृष्ठभागावर जाऊन आडवं बसतं. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट विरघळण्याच्या मर्यादेपलीकडे भरलेलं असतं. मॅग्नेशियम आडवं आलं नाही तर ते आपोआप साका होऊन हीटरवर आणि पंपावर बसेल. प्रवाळाच्या वाट्याचा दगड नको तिथे तयार होऊ नये म्हणून हा पहारा.

आता परत देण्याची गोष्ट, आणि इथे हात जड होतो. दोनशे लिटर पाण्याची अल्कलिनिटी एका अंशाने वाढवायला खायचा सोडा लागतो फक्त सहा ग्रॅम. रँडी होम्स-फार्ली या अमेरिकन रसायनतज्ज्ञांनी घरगुती सामानातून करायच्या द्रावणांच्या कृती लिहून ठेवल्या, त्यांतला एक भाग हा सोडाच. इतकी स्वस्त, इतकी हाताशी असलेली गोष्ट. म्हणूनच आकडा ७ दिसला की त्याच रात्री तो १० करून टाकण्याची ऊर्मी येते. ती ऊर्मी आत्ता मनात येऊ द्या, तिचं काय होतं ते पाहा. पाणी एका रात्रीत बदलेल, प्रवाळ नाही बदलणार. अशा उडीनंतर टोकं जळाल्यासारखी दिसतात. कधी फांदीच्या बुडापासून मांस सुटत वर येतं आणि खाली पांढरा सांगाडा उघडा पडतो. साडेसातवर वर्षभर टिकलेली टाकी छान असते, नऊवर टिकलेलीही छान असते. सात आणि दहाच्या मध्ये झोके घेणारी टाकी मरते. दिवसाला एका अंशापेक्षा जास्त चढवायचं नाही, असं बहुतेक जाणती माणसं सांगतात.

सोड्यापेक्षा जुना, आणि माझ्या मते देखणा, मार्ग आहे चुन्याच्या निवळीचा. १९७० च्या दशकात पीटर विल्केन्स यांच्या जर्मन लेखनामुळे तो युरोपातल्या हौशी लोकांत पसरला. चुना पाण्यात ढवळायचा, गाळ बसू द्यायचा, वरची नितळ निवळी थेंबाथेंबाने टाकीत सोडायची. तिचा पीएच बाराच्या वर, त्यामुळे ओतायची नाहीच, ठिबकू द्यायची, शक्यतो रात्री. आणि ती ठिबकवायची कुठल्या पाण्याच्या जागी? संध्याकाळी काचेवरची ती रेघ पाहिली ना, त्या उडालेल्या दोन लिटरच्या. दोन लिटर निवळीने दोनशे लिटरची अल्कलिनिटी साधारण एक अंशाने भरून येते आणि कॅल्शियमही त्याच्या हिश्शाइतकं येतं. हवेने नेलेलं पाणी आणि प्रवाळाने नेलेला दगड, दोन्ही एकाच थेंबात परत.

निवळी तुम्ही पाहिलेली आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत नळीने तिच्यात फुंकर घातली की ती दुधाळ व्हायची. श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिच्यात उतरायचा.

आता स्वतःच्या श्वासाकडे या. सावकाश आत. सावकाश बाहेर. बाहेर गेलेला श्वास या खोलीत आहे, आणि टाकीचं पाणी दिवसरात्र याच खोलीतली हवा घेत असतं. थंडीच्या दिवसांत खिडक्या बंद, घरात पाहुणे, शेगडी पेटलेली, अशा वेळी टाकीचा पीएच ७.८ पर्यंत उतरतो. कितीतरी जण त्यावर बाटल्या विकत आणतात. खिडकी उघडली तर बहुतेकदा तो वर येतो. पहाटे तो सर्वांत खाली असतो, कारण रात्रभर शेवाळाचं काम बंद आणि सगळ्यांचं श्वसन चालू. तुमच्या उच्छ्वासातला वायू पाण्यात गेला की त्याचं कार्बनिक आम्ल होतं. त्यातून सुटणारे हायड्रोजनचे आयन प्रवाळाला दगड घडवण्याच्या जागेतून बाहेर लोटावे लागतात. त्यात त्याची साखर खर्च होते. चार श्वास या जाणिवेने घ्या. अपराधी वाटून घेऊ नका, फक्त वाट बघा कशी जाते ती.

हीच गोष्ट खोलीबाहेर मोठ्या मापाने चालू आहे. औद्योगिक काळाआधी समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे ८.२ होता, आता ८.१ आहे. फरक किरकोळ दिसतो, पण या मोजपट्टीवर त्याचा अर्थ हायड्रोजन आयन पाव हिश्शाने वाढले. तिथे उघडायला खिडकी नाही.

तापमानाबद्दल फार बोलायला नको. २५-२६ अंश सेल्सिअस, आणि चढउतार कमीत कमी. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादाच अंश वर, पण तो आठवडेच्या आठवडे टिकला, की प्रवाळ आणि शेवाळ यांचा संसार मोडतो. शेवाळ बाहेर पडतं, फांदी पांढरी होते. २०२४ मध्ये लक्षद्वीपला हेच झालं. पांढरी फांदी लगेच मेलेली नसते, पारदर्शक पॉलिप तिथेच असतो, उपाशी.

नायट्रेट-फॉस्फेटचंही थोडक्यात. फार झाले तर केसाळ शेवाळ माजतं, हे सगळ्यांना माहीत असतं. शून्यावर नेले तरी प्रवाळ फिके पडतात, हे सांगावं लागतं. अतिस्वच्छतेचा सोस मला या छंदातला सर्वांत वाईट रोग वाटतो.

निळे दिवेही आता विझतील. फांदीवरचे पॉलिप बाहेर आले आहेत का पाहा. दिवसा मिटलेले, रात्री पाण्यातून वाहून येणाऱ्या सूक्ष्म जिवांसाठी हात पसरलेले. आले असतील तर टाकी बहुधा ठीक आहे, वहीतला आकडा काहीही म्हणो. नसतील, तर एकाच वेळी चार गोष्टी बदलू नका. उद्या याच वेळी चाचणी घ्या, परवाही घ्या, तारखेसमोर आकडा लिहा, आणि घट किती पडते ते कळल्यावर तेवढंच परत द्या.

आणि टाकी मनातली असेल तर खरे प्रवाळ फार लांब नाहीत. मुंबईत हाजीअली आणि मरीन ड्राइव्हच्या खडकांवर आहेत, मालवणच्या सागरी अभयारण्यात आहेत, भर समुद्रात पाण्याखाली असलेल्या, कान्होजी आंग्र्यांच्या नावाच्या आंग्रिया बँकेवर तर पसरलेले आहेत. किनाऱ्यावरच्या खडकांवर ओहोटीला जा, बघा, पाय जपून ठेवा. कुणी जिवंत प्रवाळ विकायला आणला तर घेऊ नका, वनविभागाला कळवा.