योसेफाने पाठविलेल्या गाड्या



वायिगाश या पारशाच्या शब्बाथला आपण दरवर्षी एक प्रसंग ऐकतो. योसेफ जिवंत आहे आणि मिसर देशाचा कारभार त्याच्या हाती आहे, ही बातमी मुलांनी याकोबाला सांगितली. पण म्हाताऱ्याचे मन ती मानीना. मग बापाला घेऊन येण्यासाठी योसेफाने पाठविलेल्या गाड्या त्याने पाहिल्या, आणि त्याच्या जिवात जीव आला. जे शब्दांनी झाले नाही, ते गाड्यांनी झाले.

असे का व्हावे? थोर भाष्यकार राशी (१०४०–११०५) आपल्या हखामांचे एक स्पष्टीकरण देतात. गाडीला इब्री भाषेत ‘अगाला’ म्हणतात आणि कालवडीला ‘एगला’. योसेफ घरून गेला त्यावेळी बाप-लेक कालवडीच्या नियमाचा अभ्यास करीत होते. गाड्या पाठवून मुलाने बापाला त्या धड्याची खूण दिली.

हा नियम देवारीम पुस्तकाच्या २१व्या अध्यायात आहे. रानात कोणी वाटसरू मारलेला सापडला आणि मारणारा कळला नाही, तर जवळच्या गावाच्या वडीलधाऱ्यांनी कालवडीवर हात धुवून, हे रक्त आम्ही सांडले नाही, असे सांगावयाचे. हखाम विचारतात, वडीलधाऱ्यांवर खुनाचा संशय कोण घेईल? त्याचे उत्तरही तेच देतात: हा मनुष्य आमच्या गावातून शिदोरीशिवाय आणि सोबतीशिवाय गेला नाही, असे त्यांना सांगावयाचे असते. म्हणजे वाटसरूला एकटे सोडणे हाही दोषच. योसेफाने बापासाठी गाड्या पाठविल्या, आणि वाटेसाठी भाकरी व धान्यही पाठविले. शिदोरी आणि सोबत, दोन्ही.

बंधुभगिनींनो, अमेरिकेत अशीच एक गाडी एका आईसाठी दाराशी उभी राहिली. मिशिगन राज्यातील नॉर्मा बावरश्मिट या ९० वर्षांच्या बाई. २०१५ साली त्यांचे पती वारले, आणि त्याच सुमारास त्यांना गर्भाशयाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया आणि पुढचे उपचार डॉक्टरांनी समजावून सांगितले. मुलगा टिम आणि सून रॅमी यांचा संसार आधीपासूनच फिरत्या गाडीत होता. त्यांनी आईला विचारले, आमच्याबरोबर येतेस का? बाईंनी उपचार नको म्हटले आणि प्रवास पत्करला. स्वयंपाकघर, बिछाने, न्हाणीघर असलेल्या मोटरहोममध्ये तिघे निघाले, आणि सोबत त्यांचा कुत्रा रिंगो. सुमारे वर्षभरात १३,००० मैल झाले. माउंट रशमोर पाहिला, ग्रँड कॅन्यन पाहिली, गरम हवेच्या फुग्यातूनही बाई आकाशात गेल्या. ३० सप्टेंबर २०१६ रोजी वॉशिंग्टन राज्यातील फ्रायडे हार्बर येथे, वयाच्या ९१व्या वर्षी, त्या गाडीतच आपल्या माणसांजवळ त्यांचा प्राण गेला.

कोणी म्हणेल, ही बाई आपल्यातली नव्हे, तिचा दाखला कशाला? पण आईबापांचा मान कसा राखावा हे विचारले असता, आपल्या हखामांनी अश्कलोनच्या दामा बेन नेतिना या परधर्मीयाकडेच बोट दाखविले. बाप झोपला होता आणि किल्ली त्याच्या उशाखाली होती. झोपमोड नको म्हणून त्याने मोठा नफा सोडला. चांगली गोष्ट जिथे दिसेल तिथून शिकावी.

उपचार सोडून सर्वांनी प्रवासाला निघावे, असे मात्र आम्ही सांगत नाही. प्राण वाचविणे ही आपल्या धर्मात फार मोठी मिस्वा आहे. असे प्रश्न डॉक्टर आणि रब्बी यांच्या सल्ल्यानेच सोडवावे. आम्हाला मोलाचे वाटते ते एवढेच, की मुलाने आईला विचारले. याकोबही स्वतःच्या इच्छेने निघाला. मरण्यापूर्वी मुलाला पाहावे, हे त्याचे त्यानेच ठरविले.

मान राखणे म्हणजे काय, हे तल्मूदात अगदी साध्या शब्दांत सांगितले आहे. खाऊ घालावे, पिऊ घालावे, वस्त्र द्यावे, पांघरूण घालावे, आत आणावे आणि बाहेर न्यावे. पहिल्या गोष्टी आपण बहुधा करतो. मुंबई-ठाण्याहून आणलेल्या आईला न्यू जर्सीत गरम खोली, टेलिव्हिजन, वेळेवर औषधे मिळतात. पण बाहेर नेणे? कित्येक आयांना खिडकीतून दिसेल तेवढीच अमेरिका ठाऊक असते. आमच्या वाडवडिलांजवळ काय होते? बैलगाडी. पण म्हाताऱ्या आईला त्याच गाडीत बसवून अलिबागजवळच्या खंडाळ्याला नेत, जिथे खडकावर एलियाहू हनाबीच्या रथाची खूण दाखवितात. नवस फेडायचा, मलिदा करायचा, आणि आईचे मन हलके करून परत यायचे.

प्रत्येकाला मोटरहोम परवडणार नाही, नोकरी सोडून वर्षभर फिरता येणार नाही. मैल मोजू नका. एका रविवारी समुद्रकाठी न्या, प्रार्थनालयात न्या, जुन्या मैत्रिणीकडे न्या. लांब गेलात तर गाव सोडल्यावर तेफिलाथ हादेरेख म्हणा. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी गाडी थांबवून शब्बाथ पाळा. उंच पर्वत दिसला तर सृष्टी घडविणाऱ्याची बराखा आईला म्हणू द्या. आमेन तुम्ही म्हणा.

एक शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. वाटसरूला सोबत करण्याला इब्रीत ‘लेवाया’ म्हणतात, आणि मयतीबरोबर जाण्यालाही ‘लेवाया’च म्हणतात. शेवटच्या लेवायासाठी आपण सात समुद्रांपलीकडून रातोरात विमानाने येतो. ते पुण्यच आहे. पण तीच सोबत आईबाप डोळे उघडून पाहू शकतील अशा वेळी दिली, तर याकोबासारखा त्यांच्या जिवात जीव येईल. परमेश्वराने बेर-शेबा येथे याकोबाला अभय दिले आणि सांगितले, की शेवटी योसेफाचा हात तुझ्या डोळ्यांवर असेल. त्यापूर्वी गोशेनच्या भूमीत त्या लेकाने आपला रथ जोडून बापाला गळामिठी मारली होती, आणि त्यानंतर पुरी १७ वर्षे बापाला त्याचा सहवास लाभला.

परमेश्वर आपल्या सर्वांच्या वाटा सुखरूप करो, आणि आपल्या दाराशीही कोणाची तरी वाट पाहणारी गाडी उभी राहो. आमेन.