प्रेमाची मोजणी

शेक्सपिअरचा वृद्ध राजा लिअर राज्याची वाटणी करताना तीन मुलींच्या प्रेमाची परीक्षा घेतो. थोरल्या दोघी गोड बोलून वाटा मिळवतात. धाकटी कॉर्डेलिया वाढवून बोलत नाही आणि रिकाम्या हाती घराबाहेर पडते. पुढे वादळी रात्री थोरल्या मुली बापाला दार बंद करतात; धाकटीच धावून येते. लिअर तिची क्षमा मागतो, पण फार उशीर झालेला असतो. १९७० साली शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये हीच व्यथा मराठी घरात उतरली.

दोष केवळ मुलींचा का? प्रेमाचा पुरावा मागितला की आपण खुशामतीला बक्षीस देतो आणि खऱ्याला दुखावतो. बंधुभगिनींनो, आपल्या घरात फारसे न बोलता राबणारे कोण आहे? आज त्यांच्याजवळ घटकाभर बसू या.