दुसरे मांजर



पावसाळा सरता सरता आपल्या आचऱ्यातील एका आजींचे मांजर गेले. तेरा वर्षांचे होते. मुलगे मुंबईला, घरात ही दोघेच. आजी पेडवे साफ करायला मागीलदारी बसल्या की ते समोर येऊन बसे. महिन्याभरात शेजारणीने एक पिल्लू आणून दिले. आजींनी ते परत पाठवले आणि मिस्सानंतर आम्हांला विचारले, "फादर, दुसरां माजर हाडलां तर पयल्याक इसारलंय असां होतला काय?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गावपळणीमागच्या श्रद्धेत आम्ही येथे शिरत नाही. पण त्या तीन दिवसांत वेशीबाहेर झोपड्यांत राहायला जाताना हा गाव गुरे, कोंबड्या, कुत्री, मांजरे सारी सोबत नेतो. आजींनीही आपले मांजर टोपलीतून नेले होते.

शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात (१२:१-६) नाथान संदेष्टा दावीद राजाला एका गरिबाची गोष्ट सांगतो. त्याच्यापाशी एकच मेंढी. ती त्याच्या घासातले खाई, त्याच्या कुशीत निजे, लेकीसारखी. श्रीमंत शेजाऱ्याने पाहुण्यासाठी तीच कापली. दावीद संतापून चौपट भरपाई ठरवतो. नियमशास्त्राप्रमाणे ते बरोबरच. पण चार मेंढ्या दारात बांधल्या, म्हणून कुशीतली ती परत येते काय?

आजींच्या शंकेचे उत्तर आम्हांला येथेच दिसते. गेलेल्याची जागा दुसऱ्याला घेताच येत नसेल, तर दुसरे आणल्याने पहिल्याचा विश्वासघात कसा होईल? नवे येते ते स्वतःची भूक घेऊन, कोणाच्या बदली नव्हे. म्हणूनच पिल्लाला जुन्याचेच नाव ठेवायचे आजींच्या मनात आले, तेव्हा आम्ही विरोध केला. तो दोघांवरही अन्याय झाला असता.

ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ (क्र. २४१८) प्राण्यांवर प्रेम करू देतो, मात्र माणसांच्या वाट्याचे प्रेम त्यांना देऊ नये असे बजावतो. आम्हांला ते मान्य आहे. पण गावात घरोघरी एकट्या राहणाऱ्या आयांच्या वाट्याचे प्रेम कोठे गेले, हेही कोणीतरी विचारावे.

पिल्लू पुन्हा आले आहे. पेडव्यांची डोकी खाते, रात्री चुलीजवळ निजते. नाव अजून ठरलेले नाही. आजी त्याला नुसते "रे" म्हणून हाक मारतात.