वैरण वेळेवर काप

चि. सौ. ताईस,



गेल्या पावसाळ्यात नेपियर डोक्यावर गेला, तिन्ही गाई पोटभर खात होत्या, तरी दूध वाढेना, हे तू परवा फोनवर सांगितलंस. शिवाय रोज गव्हाणीत दांड्यांचा ढीग उरायचा, असंही म्हणालीस. त्या दांड्यांतच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. मृगाच्या तोंडावर हे पत्र मुद्दाम लिहितोय, म्हणजे वर्षभराचं गणित आत्ताच बसेल.

गवत जसं उंच होतं तसं त्याचं वजन वाढतं आणि कस उतरतो. दीड-दोन महिन्यांच्या नेपियरमध्ये साधारण 9-10 टक्के प्रथिनं असतात. जून झाल्यावर ती जवळजवळ निम्म्यावर येतात. पानं कमी होतात, दांडा लाकडासारखा बनतो आणि गाईला तो पचत नाही. मग ती तूट तू सरकी पेंड विकत घेऊन भरतेस. आपल्याला गवताचं वजन विकायचं नाही, त्याचं दूध करायचं आहे. म्हणून भारा किती मोठा झाला यापेक्षा त्यात पाला किती आहे ते बघ.

लागवडीनंतर पहिली कापणी नऊ-दहा आठवड्यांनी कर, पुढच्या दर सहा ते आठ आठवड्यांनी. पण नुसती तारीख धरून चालू नकोस, बुंध्याशी वाकून बघ. खालून दुसऱ्या कांड्यावर अंगठ्याचं नख दाब. नख रुतलं आणि ओल आली तर गवत कापणीला आलंय. नख घसरलं आणि खालची पानं पिवळी पडून वाळलेली दिसली तर उशीर झालाय. न्यूझीलंडचे गवळी त्यांच्या रायगवताच्या काडीवरची नवी पानं मोजतात. तीन पानं आली की गाई सोडतात, कारण चौथं येताना पहिलं मरायला लागतं. गवत आणि देश वेगळे असले तरी जनावरासाठी वेळ ठरवायची ती गवताकडे बघून, हे तिकडेही तेच आहे.

घाईही करू नकोस. गुडघ्याएवढं गवत कापलंस तर हाती पाणीच जास्त येतं, शेण पातळ होतं आणि ठोंबाची ताकद खचते. कापताना जमिनीपासून 15 सेंटीमीटर बुंधा ठेव, म्हणजे फुटवे जोमानं येतात. कापलेल्या पट्ट्याला त्याच आठवड्यात शेणाची स्लरी आणि पाणी दे.

आता गणित. एका संकरित गाईला दिवसाला 25 किलो हिरवी वैरण धरली तर तीन गाईंना 75 किलो लागते. चांगल्या निगेत गुंठ्याला वर्षाला दीड ते दोन टन नेपियर मिळतो, म्हणजे 15 गुंठे पुरेत. त्या 15 गुंठ्यांचे 45 पट्टे पाड, खुंट्या ठोक आणि रोज एकच पट्टा काप. शेवटचा पट्टा संपेपर्यंत पहिला पुन्हा तयार झालेला असेल. जावईबापूंची कंपनीतली पाळी दर आठवड्याला बदलते. फर्स्ट शिफ्ट असो वा नाइट, आज कुठला पट्टा हे खुंटीवरून कळलं की कुणीही कापून आणेल. चाकणच्या भागात कंपन्यांमुळे शेतावर मजूर मिळत नाही, म्हणून तुला तर ही शिस्त हवीच.

हे गणित दोनदा बिघडतं. श्रावणात गवत तुझ्या विळ्यापेक्षा जोरात धावतं. तेव्हा पट्टे राखून ठेवू नकोस, जादाचं कापून एक दिवस सुकव आणि मुरघास कर. मार्गशीर्ष-पौषात रात्री गारठतात आणि नेपियर थबकतो. 45 दिवसांचा फेरा 60-70 दिवसांवर जातो. त्या तुटीसाठी दसरा-दिवाळीच्या सुमारास पाच गुंठे लसूण घास पेर. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं आरएल-88 वाण त्यासाठी चांगलं आहे. पहिली कापणी 50-60 दिवसांनी, पुढं महिन्या-महिन्यानं, फुलं नुकती दिसू लागली की. दव असताना कापून लगेच घालू नकोस, पोटफुगी होते. ऊन चढल्यावर काप, थोडं सुकू दे आणि कडब्यात मिसळून घाल.

उन्हाळ्यासाठी 10 गुंठे मका कर. आफ्रिकन टॉल हे वाणही राहुरीचंच. एकरी 20 टन धरले तरी पाचेक टन मिळतो. तीन गाईंना रोज 15-15 किलो मुरघास घातला तर तेवढ्यात एप्रिल, मे आणि जूनची सुरुवात निघते. कणसातला दाणा दाबल्यावर दुधाऐवजी घट्ट चीक आला की मका काप. त्याआधी कापलास तर पाणी जास्त राहतं आणि मुरघास कुजकट वासाचा होतो. दाणा कडक झाल्यावर कापलास तर तो नीट दाबला जात नाही, आत हवा राहते आणि बुरशी धरते. कुट्टी बारीक कर, बॅगेत तुडवून भर, तोंड घट्ट बांध आणि 45 दिवस हात लावू नकोस.

एक धोका मात्र कधीच विसरू नकोस. पावसानं ओढ दिल्यावर खुरटलेली कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतरचे तिचे फुटवे घालू नकोस. त्यांत हायड्रोसायनिक आम्लाचं विष वाढतं आणि धडधाकट गाय तासाभरात दगावू शकते. ज्वारीचं कडवळ निम्मं फुलोऱ्यात आल्यावरच काप. आणखी एक: इंद्रायणीच्या कडेला किंवा कंपन्यांच्या नाल्याकाठी कितीही हिरवंगार दिसलं तरी ते गवत आणू नकोस. ते कुठल्या पाण्यावर वाढलं हे आपल्याला माहीत नाही, आणि दूध तुझी मुलंच पितात.

तुमच्या निघोज्यात आता शेत म्हणून उरलेली जमीन थोडीच आहे. जितकी कमी जमीन, तितकी कापणीची वेळ महत्त्वाची. या रविवारी दोघांनी मिळून 45 खुंट्या ठोका आणि गोठ्याच्या भिंतीवर वही टांगून रोजच्या पट्ट्याचा आकडा आणि दूध लिहायला सुरुवात करा. दोन महिन्यांनी ती वही मला वाचून दाखव. दूध कुठे वाढलं आणि कुठे घटलं ते तुला तिथेच दिसेल, मग मामाला विचारायची गरज उरणार नाही.

जावईबापूंना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझा,
मामा