पैदाशीचा घोडा

लडाखमधल्या झांस्कारच्या एका गावात एका म्हाताऱ्याकडे करडा घोडा होता. उंचीने बेताचा, पण छाती रुंद आणि खूर टणक. पाच हजार मीटरवरच्या शिंगो ला खिंडीत, जिथे खालून आलेल्या माणसाला दोन वाक्यं सलग बोलता येत नाहीत, तिथे तो पाठीवर स्वार घेऊन चढत असे. झांस्कारी जात अशीच. पिढ्यान्‌पिढ्या विरळ हवेत आणि थंडीत मुरलेली.

गावात बाकी कुणी पैदाशीचा नर ठेवला नव्हता. नर दंगा करतो, घोड्यांच्या तांड्यात आवरत नाही, आणि हिवाळाभर त्याला चारायचं म्हणजे छपरावर रचलेली लसूणघास निम्मी त्याचीच. त्यामुळे शिंगरू अंगापिंडाने चांगलं निघालं, की ते खच्ची करायचं आणि ट्रेकच्या ओझ्याला जुंपायचं किंवा विकायचं. चांगलं तेच आधी जाई. पेरणीचं जव घरोघरी वेगळं काढून ठेवणाऱ्या माणसांना घोड्याच्या बाबतीत हे सुचू नये, याचं फार वाईट वाटतं.

एका उन्हाळ्यात व्यापारी आला. करड्याची त्याने चांगली किंमत सांगितली; खच्ची करून तो ट्रेकला लावणार होता. नातू म्हणाला, “मेमे, देऊन टाका. पैदाशीला खालच्या गावातला घोडा आहेच की.”

मेमे म्हणजे आजोबा. ते म्हणाले, “उद्या जा, आणि आपल्या घोडीसाठी तो घोडा मागून आण. मग करडा विकू.”

पोरगा पहाटे निघाला. खालच्या गावात घरधनी म्हणाला, “तो? त्याला गेल्या वर्षीच खच्ची केला. तुमच्या मेमेंकडे आहे ना नर!” पोरगा नदी ओलांडून पुढच्या गावात गेला. तिथेही तेच. तिसऱ्या गावात एका बाईने उलट विचारलं, “आमची घोडी यंदा तुमच्याकडे पाठवायची होती. कधी पाठवू?”

रात्री तो घरी आला आणि जेवणाआधी करड्यापुढे घास टाकली. सकाळी व्यापारी आला, तेव्हा त्याला गुरगुर चहा देऊन नातवानेच नाही म्हणून सांगितलं.

मेमे मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी चारही गावांना निरोप धाडला: ज्याची घोडी येईल, त्याने करड्यासाठी हिवाळ्याच्या घासेचा एक भारा द्यायचा. दोघांनी कुरकुर केली. पण त्यांचेही भारे आले.

आज झांस्कारमधल्या पदुमला झांस्कारी घोड्यांचं सरकारी पैदास केंद्र आहे, आणि खिंडीपलीकडच्या दारचाहून शिंगो लामार्गे पदुमपर्यंत रस्ताही झाला आहे. गाडी आल्यावर घोडा विकणं आणखी सोपं होतं. एकट्या केंद्राच्या जोरावर ही जात टिकणार नाही. गावागावांनी आपला एक चांगला नर राखला, तरच टिकेल.