अज्ञातवासाचा हिशेब

‘लपणे’ हे क्रियापद अकर्मक असले तरी त्याचा अर्थ एकट्या कर्त्यापाशी पुरा होत नाही. बसणाऱ्याला किंवा झोपणाऱ्याला दुसऱ्या कोणाची गरज नसते. लपणाऱ्याला मात्र ज्याच्यापासून लपायचे असा दुसरा लागतो, आणि लपणे साधले की फसले हे त्या दुसऱ्याच्या जाणिवेत ठरते. म्हणून लपण्याविषयीचा नियम कितीही काटेकोर शब्दांत लिहिला तरी तो अखेर परक्या मनाविषयीचे विधान होऊन बसतो. परके मन नियमपुस्तकात मावत नाही. मग निर्णय कोणी द्यायचा?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 1974 साली प्रसिद्ध केलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळाच्या संहितेला या प्रश्नाने सतत छळले आहे. 1975 च्या पुरवणीत चोराची भूमिका आली आणि सावलीत दडण्याचे कौशल्य शेकडेवारीत मोजले जाऊ लागले. पुढच्या आवृत्त्यांनी शब्द बदलले, पेच तोच राहिला. 2024 च्या सुधारित नियमांनुसार शत्रूच्या दृष्टीआड, पुरेशा आडोशाला किंवा दाट अंधारात असलेल्या पात्राने वीस बाजूंचा फासा टाकून आपले कौशल्य मिळवत किमान पंधरा गाठले, तर ते लपले असे धरून त्याला ‘अदृश्य’ ही अवस्था लाभते. कुजबुजीहून मोठा आवाज झाला, त्याने हल्ला केला किंवा शत्रूने शोधून काढले की ती संपते. आता हे पात्र आडोसा सोडून पहारेकऱ्यासमोरच्या उजेडात चालत आले तर? शब्दनिष्ठ वाचक म्हणतो, अवस्था संपवणारे यातले काहीच घडलेले नाही, तेव्हा ते अदृश्यच आहे. दुसरा म्हणतो, डोळ्यांसमोर उभा असलेला माणूस शोधावा लागत नाही. संहिता दोघांनाही आधार देते, आणि लपण्यास परिस्थिती योग्य आहे का हे ठरवण्याचे काम खेळाच्या सूत्रधारावर सोपवून मोकळी होते. स्टॅन्ली फिशच्या भाषेत अर्थ अर्थनिर्णायक समुदायाकडे गेला, असे म्हणून इथे थांबता येईल. परंतु ते सोयीचे उत्तर आहे. सूत्रधार हा तटस्थ वाचक नसतो. पहारेकऱ्याच्या वतीने खेळणाराही तोच असतो. पात्र कोठे दडले आहे हे त्याला ठाऊक असते आणि ठाऊक नसल्यासारखे वागण्याचे बंधनही त्याच्यावरच असते. प्रश्न वाचनाचा कमी आणि सचोटीचा अधिक आहे.

ओळख आणि दर्शन यांतला भेद गल्लीतल्या मुलांना पुस्तकाविना कळलेला असतो. महाराष्ट्रात इतरत्र तशीच सोलापुरातल्या चाळींमधली आणि विणकरांच्या वस्तीतली मुले लपंडाव खेळतात. ज्याच्यावर राज्य आहे त्याला भिंतीआडून सदऱ्याची बाही दिसणे पुरत नाही. नाव घेऊन पुकारावे लागते. म्हणून लपलेले दोघे सदऱ्यांची अदलाबदल करतात आणि बाही मुद्दाम दिसू देतात. चुकीचे नाव पुकारले गेले की ‘अंडं फुटलं’ असा गलका होतो आणि राज्य पुन्हा त्याच मुलावर येते. इथे डोळ्यांनी पाहणे म्हणजे सापडणे नव्हे, नेमके नाव घेता येणे म्हणजे सापडणे.

हीच अदलाबदल महाभारताच्या विराटपर्वात वर्षभर चालते. पांडव अरण्यात दडत नाहीत. ते भरल्या राजवाड्यात कंक, बल्लव, बृहन्नडा, सैरंध्री अशा नावांनी रोज सर्वांच्या नजरेसमोर वावरतात. फाशांच्या खेळातून आलेली अट अशी की बारा वर्षे वनवास आणि तेराव्या वर्षी अज्ञातवास; ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षे. गोग्रहणाच्या रणांगणावर शंखाचा आणि धनुष्याचा घोष होतो, द्रोण अर्जुनाला ओळखतात आणि अज्ञातवास उघड्यावर येतो. कुजबुजीहून मोठा आवाज, हे कलम इतक्या जुन्या काळी अप्रत्यक्षपणे वापरले गेले आहे!

दुर्योधनाचा आक्षेप मुळीच पोकळ नाही. तेरावे वर्ष संपण्याआधी अर्जुन प्रकट झाला, असे तो म्हणतो. आपली चूक होत असेल हेही मान्य करतो आणि कमी-अधिकाचा निर्णय भीष्मांनी करावा असे सुचवतो. भीष्म सांगतात, दर पाच वर्षांत दोन मास अधिक येतात. तेरा वर्षांत पाच मास आणि बारा रात्री वाढतात. मुदत पुरी झाली. अट ठरवताना वर्ष कोणत्या मानाने मोजायचे हे कोणी ठरवलेलेच नव्हते. अधिक मास न धरता चांद्र वर्षे मोजली तर पांडव सुटतात, ऋतूंशी जुळणाऱ्या वर्षाने मोजली तर अडकतात. शिवाय हिशेबही तंतोतंत नाही: पाचास दोन या प्रमाणात तेरा वर्षांना पाच मास आणि सहा दिवस येतात, बारा रात्री नव्हेत. एकोणीस वर्षांत सात अधिक मास या प्रमाणाने पाचही पुरते भरत नाहीत. तरीही हा निर्णय वजनदार वाटतो. त्याचे कारण गणितात सापडत नाही. भीष्म शोधणाऱ्यांच्या बाजूचे आहेत, त्यांच्या अन्नावर आहेत, रथही त्यांच्याच सैन्यात उभा आहे, आणि निर्णय लपणाऱ्यांच्या बाजूने जातो. सूत्रधाराकडून अपेक्षित असते ते नेमके हेच. निर्णय मागणारा दुर्योधन मात्र तो ऐकताच राज्य देणार नाही असे सांगून मोकळा होतो. योहान हुइझिंगाने 1938 सालच्या ग्रंथात खेळात लबाडी करणारा आणि खेळ मोडणारा यांत भेद केला आहे. पहिला निदान नियम मानल्याचे सोंग आणतो. दुर्योधन त्या क्षणी दुसऱ्या जातीत जातो.

न्यायाधीश आणि शोधणारा एकच झाला, आणि स्वतःच्या बाजूविरुद्ध जाण्याची तयारी नसली, की काय होते याचे उदाहरण याच कथेवरच्या मराठी नाटकाने दिले आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ 1907 साली रंगभूमीवर आले. त्यात कर्झनचे नाव कोठेही नव्हते. प्रेक्षकांनी मात्र कीचकात त्याला पाहिले. सदरे बदललेले होते. 1910 मध्ये सरकारने नाव पुकारले आणि नाटकावर बंदी घातली. पुकारलेले नाव बरोबर होते, हे मान्य करायला हरकत नाही. पण पुकारणाराच निर्णय देत होता, आणि अंडे फुटण्याची शक्यताच त्या खेळात ठेवलेली नव्हती.

भीष्मांच्या निवाड्यातही एक सल राहतो. त्यांचे माप शंख वाजल्यानंतर जाहीर झाले. अधिक मासाचा प्रश्न सोलापूरला परका नाही. दाते पंचांग शतकाहून अधिक काळ याच शहरातून निघत आले आहे, आणि अधिक मास कोणता, एकादशी कोणत्या दिवशी धरायची, असे निर्णय त्यात वर्ष उजाडण्यापूर्वी छापलेले असतात. पुढे उपास कोणाचा चुकणार आणि मुहूर्त कोणाचा हुकणार, हे छापणाऱ्याला त्या वेळी माहीत नसते. निर्णय न पटणारा दुसरे पंचांग घेऊ शकतो; आपल्या प्रकरणापुरता हिशेब बदलून घेता आला नाही, अशी तक्रार मात्र त्याला करता येत नाही. भीष्मांना अर्जुन समोर दिसत होता. त्यांनी हेच मान अनुद्यूताच्या दिवशी भर सभेत सांगितले असते तर दुर्योधनाच्या आक्षेपाला जागा उरली नसती. कदाचित त्याने ती अटही घातली नसती. त्या दिवशी ते गप्प होते. गल्लीतली मुले भिंतीकडे तोंड करून आकडे मोजायला लागण्याआधी एवढे तरी ठरवून घेतात, की सदरे बदलायचे की नाहीत.